रंग सांगणारं यंत्र घ्यावं की फोनवर भागेल? आणि ते ‘अबोली’ म्हणेल का?

तलावपाळी

नमस्कार. मी जन्मापासून अंध आहे. नौपाड्यात आईबरोबर राहते, नोकरी भायखळ्याला. नवरात्र दीड महिन्यावर आलंय म्हणून आत्ताच विचारून ठेवते.

माझ्या कपाटात चौदा साड्या आणि एकवीस ड्रेस आहेत. बहुतेक मला हाताला कळतात. कुणाचा काठ जाड, कुणाच्या गळ्याला पायपिंग, एकाची चेन डाव्या कुशीला, एका साडीचं सूत असं खरखरीत की घडीवर बोट ठेवलं तरी पुरे. अडचण होते ती जुळ्यांची. गेल्या वर्षी राम मारुती रोडवरून एकाच कापडाचे, एकाच शिलाईचे दोन कॉटनचे ड्रेस घेतले, एक मोतिया आणि एक लिंबू. लिंबूच्या गळ्याला आतून सेफ्टी पिन लावून ठेवली होती. इस्त्रीवाले काका फार काळजीने काम करतात. त्यांनी ती पिन काढली, कागदाच्या पुडीत बांधली आणि गठ्ठ्यावर ठेवून दिली. पुडी मिळाली, पण पिन कुठल्या ड्रेसची होती ते गेलं.

नवरात्रातला गुरुवार होता, म्हणजे पिवळा. सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या ट्यूबखाली मी दोन्ही ड्रेस आईपुढे धरले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तिने हात लावून, जवळ नेऊन पाहिलं आणि एक माझ्या हातात दिला, “हाच पिवळा.” मी तो घालून गेले. ऑफिसात दुपारी सगळ्यांचा फोटो झाला. मला जरा कडेला उभं राहायला सांगितलं, मला वाटलं जागेची अडचण असेल. परतताना गाडीत रोजची मैत्रीण म्हणाली, “आज तू पांढऱ्यात?” तेव्हा कळलं.

ऑफिसातलं मी विसरले असते. घरी आल्यावर आईने विचारलं, “काय म्हणाल्या सगळ्या? शोभला ना?” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवर आला आणि त्यांनी आईला दाखवला. तेव्हापासून मी काही विचारलं की आई आधी गप्प बसते, मग कापड खिडकीशी नेते, मग म्हणते, “तू दुसऱ्या कुणाला तरी विचार गं.” जन्मभर माझे रंग तिने सांगितले. आता प्रत्येक वेळी तिची परीक्षा घेतल्यासारखं होतं, ते मला थांबवायचंय.

तर, कपड्यावर टेकवलं की रंग बोलून दाखवणारी छोटी यंत्रं असतात असं ऐकलंय. कुणी वापरलंय का? फोनवरच्या ॲपने तेवढंच काम होतं का? काठपदराच्या साडीवर, जरीवर, छापील कापडावर काय करतात? आणि खरं विचारायचंय ते हे, की ते मराठीत बोलतं का? मला ‘डार्क पिंक’ नकोय. आईने शिकवलेली नावं हवी आहेत.

नेरुळकर

ताई, मी तुमच्या उलट्या वाटेने आलोय. पंचविशीपर्यंत मला चांगलं दिसायचं. मग रेटिनायटिस पिग्मेंटोसाने आधी रात्रीची नजर नेली, मग दोन्ही बाजूंची, आणि आता नुसता उजेड-अंधार उरलाय. त्यामुळे रंग आठवतात, समोरचा कुठला ते कळत नाही. माझं रोजचं दुखणं म्हणजे काळी पँट आणि गडद निळी पँट.

आधी फोनचं सांगतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं ‘सीइंग एआय’ २०१७ मध्ये आयफोनवर आलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर. त्यात मजकूर वाचणं, नोटा ओळखणं यांबरोबर रंगासाठी वेगळी सोय आहे. कॅमेरा कापडासमोर धरा, ते नाव बोलत राहतं. माझ्या फोनवर इंग्रजीतच बोलतं, आणि नावं मोजकीच.

आता त्यातली मेख. कॅमेऱ्याला कापडाचा रंग कळत नाही, कापडावरून परतलेला उजेड कळतो. माझ्या खोलीत रात्री पिवळा दिवा असतो, तिथे माझा पांढराशुभ्र सदरा कधी ‘ब्राउन’ होतो, कधी ‘ग्रे’. तोच सदरा सकाळी नऊला खिडकीशी ‘व्हाइट’. डोळसांचीही यातून सुटका नाही. आठवा, मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना बायका कापड दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात बघतात. ट्यूबखाली जुळलेले दोन तुकडे बाहेर आले की वेगळे पडतात.

दुसरी गोष्ट मला कळायला वर्ष लागलं. फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग ‘सुधारतो’. समोर सगळंच पिवळं आलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा कमी करून टाकतो. म्हणून कापडाने पूर्ण चौकट भरू देऊ नका. कापड पलंगावर सपाट पसरा आणि त्याच्या कडेला कोरा पांढरा कागद ठेवा, दोन्ही कॅमेऱ्यात येतील असा. आधी फोन कागदावर न्या. कागदाला तो पांढरा म्हणाला तरच कापडाबद्दल त्याचं ऐका. कागदालाच करडा म्हणत असेल तर उजेड पुरेसा नाही, तिथे थांबा. फोन साधारण वीतभर वर, आणि आपली सावली पडणार नाही अशा बाजूने उभं राहायचं. खिडकीकडे पाठ केली की सावली हमखास पडते, मी तेच करायचो. एका जागी एकदा विचारून सोडू नका, तीन ठिकाणी विचारा.

मोतिया आणि लिंबू ही तर सगळ्यात अवघड जोडी. तुमच्या आईंची चूक समजू नका. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंगच पिवळट होत जातं, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. पांढरं आणि फिकट पिवळं एकमेकांत मिसळणार, काळं आणि गडद निळंही. ऑपरेशन झाल्यावर माझ्या सासूबाई आठवडाभर म्हणत होत्या की घरातल्या भिंती कुणी निळ्या केल्या.

संपूर्ण साडीचं वर्णन हवं असेल तर ‘बी माय आइज’ घ्या. २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालं, तुमच्या कॅमेऱ्यातून एखादा डोळस स्वयंसेवक बघतो आणि सांगतो. २०२३ पासून त्यात फोटो काढून एआयला विचारण्याचीही सोय झाली. मी मराठीत विचारतो, ते मराठीत सांगतं, काठ, बुट्टे, पदर सगळं. मात्र चुकलं तरी त्याच ठाम स्वरात सांगतं. कपड्यावर डाग आहे का, हे मी माणसालाच विचारतो.

टेकवायचं यंत्र मी मित्राचं हाताळलंय. ऑस्ट्रियाच्या केअरटेक कंपनीचं ‘कलरिनो’, मुठीत मावणारं. एक बटण रंगाचं, दीडशेहून जास्त छटा सांगतं. दुसरं बटण उजेडाचं, उजेड वाढला की सूर चढतो. त्याचा स्वतःचा दिवा असतो म्हणून खोलीत रात्र असो की दुपार, फरक पडत नाही. हाच त्याचा मोठा गुण. पण किंमत पाच आकडी, आणि मित्राचं मराठी बोलत नव्हतं.

तानपुरा

बाळ, मीही जन्मांध. वय एकाहत्तर, कोपरीत राहते, छत्तीस वर्षं गाणं शिकवलं. यंत्र घे, जरूर घे. पण यंत्राने एकदा रंग कळला की तो कपड्यावर लिहून ठेव, रोज सकाळी विचारत बसू नकोस. आणि पिनेने लिहू नकोस. पिन इस्त्रीला काढावीच लागते, आणि गंजली की कापड जातं. दोऱ्याने लिही.

मी गाठीच्या टाक्याने ब्रेल काढते. ड्रेसला मानेच्या पट्टीच्या आत, साडीला फॉलच्या आतल्या अंगाला, जे टोक आपण आधी खोचतो त्या कोपऱ्यात. दोरा कापडाच्याच रंगाचा घ्यायचा म्हणजे बाहेरून दिसत नाही. सुईवर तीन वेढे घेतले की गाठ बोटाला नीट लागते, दोन वेढ्यांची पाच-सहा धुण्यांत बसते. दोन गाठींत एक तांदळाचा दाणा मावेल एवढं अंतर ठेव, नाहीतर चुरगळून ब्रेल वाचता येत नाही.

एकच अक्षर पुरतं. ब्रेलच्या घरात डावीकडे वरून खाली १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६ असे ठिपके असतात. लालाला ल, म्हणजे १-२-३, तीन गाठी एकाखाली एक. काळ्याला क, १-३. निळ्याला न. मग माझी पंचाईत झाली ती प ची. पांढरा, पिवळा, पोपटी, सगळे प. पांढऱ्याला मी गाठच दिली नाही, पांढरं म्हणजे कोरं. पिवळ्याला हळदीचा ह घेतला, १-२-५. मग हिरव्याचा ह गेला, तर हिरव्याला पानाचा प दिला. अशी अदलाबदल झाली, पण चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाही, कारण हळद पिवळी आणि पान हिरवं हे विसरता येत नाही.

ब्लाउजला त्याच्या साडीचंच अक्षर. दोन लाल साड्या असतील तर ल च्या पुढे एक सुटी गाठ.

आईकडूनच शिवून घे. मोतीबिंदू असला तरी गाठीचा टाका हाताने घालता येतो, सुईत दोरा तू ओव. बिनओवायची सुई मिळते, तिच्या डोक्याला खाच असते, दोरा वरून दाबला की आत बसतो. मी तीच वापरते.

कळवेकर

मला दिसतं, आणि या विषयातलं काही कळत नाही, पण वाचता वाचता एक प्रश्न आला. विचारणं चुकीचं असेल तर सांगा, काढून टाकतो. ज्यांनी रंग कधीच पाहिला नाही त्यांना ‘पिवळा’ ऐकून मनात काय येतं? यंत्राने डार्क पिंक म्हटलं काय आणि राणी म्हटलं काय, फरक कसा पडतो?

तलावपाळी

चुकीचं काहीच नाही. मला हा प्रश्न चौथीपासून लोक विचारतात, फक्त बहुतेक जण मला न विचारता आईला विचारतात.

दादरला अंध मुलींच्या शाळेत असताना मीही रंग पाठच केले होते. कावळा काळा, बगळा पांढरा. परीक्षेत बरोबर लिहायचे आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. कावळा मी कधी हातात घेतला नव्हता. रंग मला कळले ते सुट्टीत घरी आल्यावर, आई साड्यांना ऊन द्यायची तेव्हा. ती एकेक घडी माझ्या मांडीवर ठेवायची आणि नाव सांगायची. डाळिंबी. आता डाळिंब मी सोललेलं आहे. वरचं साल चिवट, आत पातळ पडदे, त्यांत घट्ट बसलेले दाणे, एक फुटला की बोट चिकट होतं आणि आई ओरडते की डाग जात नाही. ती सगळी गोष्ट त्या साडीला येऊन बसली. आमसुली म्हटलं की सोलकढीसाठी भिजत घातलेलं आमसूल, मऊ आणि आंबट. विटकरी म्हणजे वीट, नखं घासणारी. शेवाळी म्हणजे मासुंदा तलावाच्या पायरीवरून माझा पाय सरकला होता ते. वांगी, लिंबू, मेंदी, हळदी, अंजिरी, गव्हाळ, दुधी. अबोलीला वास नसतो, गजरा हातात घेतला तर वजनही जाणवत नाही, म्हणून अबोली माझ्यासाठी फार हलका रंग आहे. आईला मी एकदा तसं म्हटलं तर ती म्हणाली, “आहेच तो हलका. तुला कुणी सांगितलं?”

त्यातून मला रंग दिसतो असं मी म्हणत नाही. पण आपल्या भाषेने निम्म्याहून जास्त रंग फळांवरून, फुलांवरून, मसाल्यांवरून ठेवलेत, आणि या वस्तू मला तुमच्याइतक्याच ठाऊक आहेत, काही तर जास्त. ‘टील’ म्हटलं की माझ्या हाताला काहीच लागत नाही. ‘बेज’ला वास नाही, चव नाही. म्हणून मोरपिशी म्हणणारं यंत्र मला हवंय. मोराचं पीस माझ्या गालावरून फिरलेलं आहे.

आणि दुसरं, रंग मला दिसत नसला तरी मी लोकांना दिसते. मी कशी दिसते हे ठरवण्यात माझा हात असावा एवढंच.

तानपुरा मावशी, हळदीचा ह मला फार आवडला. बिनओवायची सुई उद्याच जांभळी नाक्याला विचारते. नेरुळकर दादा, कागदाची युक्ती शनिवारी करून बघते आणि कळवते.

खाडीपलीकडचा

ऐरोलीहून लिहितोय. मी डोळस आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. काचबिंदूने नजर गेलेल्या मामांसाठी असं एक यंत्र घरी बनवलं होतं, त्याचा अनुभव सांगतो, कारण मराठी नावांचा प्रश्न त्यातच सुटतो.

त्यात टीसीएस ३२०० नावाचा सेन्सर आहे. नखाएवढ्या जागेत आठ गुणिले आठ असे ६४ प्रकाशग्राहक: १६ लाल काचेखाली, १६ हिरव्या, १६ निळ्या आणि १६ विनाकाच. शेजारी पांढरे एलईडी. ते कापडावर उजेड टाकतात, परतलेल्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती हे सेन्सर मोजतो आणि जितका उजेड तितक्या वेगाने ठोके देतो. पुढचं काम आर्डुइनो बोर्डाचं, म्हणजे एका छोट्या संगणकासारख्या पट्टीचं. सेन्सरभोवती मी सायकलच्या ट्यूबचा काळा कडा लावला, म्हणजे कापडावर टेकवल्यावर बाहेरचा उजेड शिरत नाही. नेरुळकरांची दिव्याची भानगड तिथेच संपते. वापरण्याआधी एकदा पांढऱ्या कागदावर आणि एकदा काळ्या मखमलीवर टेकवून त्याला दोन्ही टोकं शिकवायची.

बोलणं कुठून येतं? मेमरी कार्डावर ध्वनिफिती ठेवल्यात. आकडे आले की बोर्ड सगळ्यात जवळचा नमुना शोधतो आणि त्याची फीत वाजवतो. फितीत काय बोलायचं ते सर्वस्वी आपलं. मामांच्या यंत्रात मामींचा आवाज आहे. साहित्याचा खर्च दोन हजारांच्या आत राहिला.

आता कुठे अडतं तेही सांगतो. रंग वर्तुळावर मांडले तर लाल शून्य अंशावर, पिवळा साठावर, हिरवा एकशेवीसवर, निळा दोनशेचाळीसवर. पण तपकिरी या वर्तुळावर वेगळा नाहीच. तो म्हणजे अंधारलेला केशरी. कोनावरून ठरवायला गेलं तर चॉकलेटी सदऱ्याला यंत्र केशरी म्हणतं, मामा एकदा तसे लग्नाला जाऊन आले. म्हणून उजळपणाही मोजावा लागतो. करड्याचं त्याहून कठीण. करड्यात तिन्ही आकडे जवळपास सारखे, त्यामुळे कणभर फरकाने कोन कुठेही उडी मारतो आणि राखाडी शाल कधी हिरवट, कधी जांभळट ऐकू येते. तिथे मी अट घातली, तिन्हींत फारसा फरक नसेल तर बाकी काही न बघता करडा म्हणायचं. मोतिया आणि लिंबू मात्र यंत्राला सोपे जातात, निळ्याचा आकडा लिंबूत लगेच घसरतो.

जरीवर टेकवू नका. जर चमकते, उजेड आरशासारखा परत येतो आणि यंत्र पांढरा म्हणतं. छापील कापडावर ते टेकलेल्या बोटभर जागेचं बोलतं, एवढंच. आणि धूपछांव पैठणी असेल तर कुठलंही यंत्र हरणार, कारण उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा, बघण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. तिथे यंत्र हिरवा म्हणालं आणि आई जांभळा म्हणाली तर दोघं बरोबर.

ताई, तुमची नावं मला पाठवा. नुसती नावं चालणार नाहीत, प्रत्येकाचा कापडाचा नमुना लागेल. माझ्या दृष्टीने डाळिंबी कुठला ते तुमच्या काय कामाचं, तुमच्या आईंचा डाळिंबी कुठला ते यंत्राला शिकवायचं.

तलावपाळी

शनिवारी करून बघितलं, सविस्तर लिहिते.

आमची गॅलरी पूर्वेला आहे. साडेनऊला पलंगपोस टाकून दोन्ही ड्रेस पसरले. आधी कागद न ठेवता बघितलं, तर दोन्हींना फोन एकदा पांढरा आणि एकदा करडा म्हणाला. कागद ठेवल्यावर एकाला तीनदा पांढरा आणि दुसऱ्याला दोनदा पिवळा, एकदा पांढरा. पिवळा म्हणाला त्याला मी तिथेच पट्टीच्या आत हळदीचा ह घातला, आईने टाके पक्के केले. तिच्या गाठी माझ्यापेक्षा सारख्या आल्या.

मग आईच म्हणाली, “माझ्या पण दाखव बघू.” ती मोड्यावर बसली आणि एकेक साडी द्यायला लागली. आधी ती नाव सांगायची, मग फोन. लाल जुळला, हिरवा जुळला. मग तिने चंद्रकळा दिली. संक्रांतीला काळी म्हणून नेसली होती, हळदीकुंकवाला पण तीच. फोन म्हणाला ‘ब्लू’. मी कागद हलवला, जागा बदलली, परत ‘ब्लू’. मी फोनची चूक आहे म्हणणार होते, पण शेजारच्या वहिनी आल्या आणि म्हणाल्या, “काकू, ही गडद निळी आहे. चंद्रकळा त्या खालच्या कप्प्यात.” त्यांनी जानेवारीतही बघितलं होतं, बोलल्या नव्हत्या.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, जे थांबवायचं म्हणून हे सगळं काढलं तेच मी आणखी वाढवून ठेवलं. मी नेरुळकर दादांचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, पिवळ्या काचेचं आणि सासूबाईंच्या निळ्या भिंतींचं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. ऑपरेशन ती दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर असं तीन वर्षं पुढे ढकलत होती. संध्याकाळी तिने स्वतः डॉक्टरांकडे फोन करून तारीख घेतली, नवरात्राच्या आधीची. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “एकदा तुझा लिंबू नीट बघायचाय मला.”

खाडीपलीकडचे सर, यंत्र मला हवंच आहे. फोनला सकाळची गॅलरी लागते आणि मी घरातून निघते तेव्हा नीट उजाडलेलंही नसतं. उजेड सांगणारा सूरही घालता येईल का? घरातला दिवा चालू राहिलाय का ते मला आईला विचारावं लागतं, आणि ऑपरेशननंतर काही दिवस तिलाही विचारता येणार नाही.

नावं आईच्याच आवाजात भरायची आहेत. ‘अबोली’ म्हणताना ती ‘बो’ थोडा लांबवते, तो तसाच राहू द्या. यादी झाली, तेवीस नावं आहेत. प्रत्येकाचा बोटभर रुंद तुकडा आईने जुन्या ब्लाउजांच्या शिवणीतून कापून दिलाय आणि मी त्यावर अक्षर घातलंय. पुढच्या शनिवारी ठाणे स्टेशनला दहा नंबरवर, जिथे तुमच्या वाशी-पनवेलच्या गाड्या लागतात, तिथे दुपारी चारला येऊ शकाल का? मी जिन्याखालच्या बाकावर असेन, पांढरी काठी आणि कापडी पिशवी.

एका गोष्टीचा निकाल तेवढा तुम्ही मोजून लावा. चिंतामणी आणि मोरपिशी यांत नक्की फरक काय, यावर आई आणि शेजारच्या वहिनी यांचं दोन दिवस एकमत होत नाहीये. दोन्हींचे तुकडे आणते.

खाडीपलीकडचा

येतो. सूर घालता येईल, सेन्सर तोच लागतो. चिंतामणीचे दोन तुकडे आणा, एक आईंच्या मताचा आणि एक वहिनींच्या.